होळी ते मृग

माउंटन बाइकचा हंगाम कोणता, असं कुणी विचारलं की मी उन्हाळा सांगतो. परभणीचा उन्हाळा ज्याने अंगावर काढला आहे, त्याला हे उत्तर पटत नाही. एप्रिल उजाडला की आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीसवर मुक्काम ठोकतो आणि दुपारी बारा ते चार रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. अशा दिवसांत डोंगरात सायकल न्यायचीच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आमच्या मातीत आहे.

परभणी जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या भारी जमिनीचा. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि चाकाला सोडत नाही. मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की पांदणीतून सायकल शंभर पावलंही जात नाही. टायर आणि फ्रेम यांच्यामधल्या फटीत चिखल ठासून बसतो, चाक जागीच अडकतं, आणि खांद्यावर घ्यावी तर सायकल उचलवत नाही. पावसाळा असा जातो. दिवाळीनंतर हवा छान पडते, पण तेव्हा रानात ज्वारी, हरभरा, गहू उभा असतो, पाणी देणं चालू असतं. कुणाच्या उभ्या पिकाला घासून सायकल हाकणं मला कधीच बरं वाटलं नाही. शिमग्याच्या आगेमागे सुगी आटोपते, रानं मोकळी होतात, वाटा वाळून टणक होतात. तिथून मृग नक्षत्र लागेपर्यंत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, आमचा हंगाम. खाली जमीन मोकळी आणि वर सूर्य मोकळा. या दोघांच्या मध्ये जेवढी जागा उरते, तेवढ्यातच आपलं ध्येय बसवावं लागतं. गेली कित्येक वर्षं दर होळीला मी असं ध्येय ठरवत आलो आहे. त्यातून जे हाती लागलं ते मांडून ठेवावं, म्हणून हे लिहितो आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे आणि नोकरीची बरीच वर्षं जिंतूर तालुक्यात गेली. परभणी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सपाट रान येतं. ते खोटं नाही. शहर समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या आसपास आहे आणि चारी बाजूंना नजर अडत नाही. पण उत्तरेला जिंतूरकडे निघालं की अजिंठ्याच्या रांगेचे फाटे आडवे येऊ लागतात. जिंतूरपासून तीनेक किलोमीटरवर नेमगिरीच्या डोंगरात जैन गुंफा आहेत. पुढे पूर्णा नदीवरचं येलदरी धरण आणि त्याच्या भोवतीची टेकाडं. दक्षिणेला गोदावरी ओलांडून गंगाखेडच्या पलीकडे गेलं की बालाघाटचे डोंगर सुरू होतात. हे डोंगर उंच नाहीत. पायथ्यापासून माथ्यापर्यंतचा चढ बहुतेक ठिकाणी शे-दीडशे मीटरच्या आत संपतो. पण खडक बेसाल्टचा आहे. तो झिजून वरच्या अंगाला मुरूम झालेला असतो आणि त्या मुरमावर सुटे धोंडे पडलेले असतात. गाईगुरांच्या आणि शेळ्यामेंढ्यांच्या पायांनी पडलेल्या वाटा याच उतारांवरून जातात. माउंटन बाइकला जे लागतं ते सगळं इथे आहे. फक्त ते दुसरीकडच्या मापाने मोजता येत नाही, हे समजायला मला काही हंगाम जावे लागले.

मी सायकल घेतली त्या सुमारास महाराष्ट्रात सायकलिंगची मोठी लाट होती. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पार केली. या बातम्यांनी मराठी माणसाला सायकलवर बसवलं. छोट्या शहरांतून गट उभे राहिले. साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटर, वीस तासांत तीनशे, अशा बीआरएमच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला गाठायच्या फेऱ्यांच्या, गप्पा सकाळच्या चहावर रंगू लागल्या. मलाही या लाटेनेच पेडल मारायला लावलं आणि तिचं ऋण मी मानतो. त्या काळात आमच्या ओळखीतल्या सगळ्यांचं उन्हाळ्याचं ध्येय आकड्यात असे. मे अखेर इतके किलोमीटर, इतके मीटर चढाई.

डांबरी रस्त्यावर हा हिशेब चालतो. डोंगरात किलोमीटर हे माप अपुरं पडतं. चांगल्या पांदणीतला एक किलोमीटर चार-पाच मिनिटांत सरतो आणि टेकडीवरच्या गुरवाटेवरचा तेवढाच पल्ला अर्धी सकाळ खातो. आकडा गाठायचा असला की माणूस नकळत सोपी वाट धरतो, आणि सोपी वाट म्हणजे डांबर. दुसरं त्याहून महत्त्वाचं. आठवड्याचा आकडा अपुरा राहिला की तो रविवारी भरून काढायची घाई होते. मार्च-एप्रिलमध्ये आमच्या शाळा सकाळच्या भरतात, त्यामुळे हाती रविवारच असतो. मग सकाळचे नऊ वाजतात, दहा वाजतात, आणि ‘अजून थोडंच राहिलंय’ म्हणत माणूस उन्हात पुढे जात राहतो. थंड प्रदेशात अशी ओढ माणसाला घडवत असेल. आमच्याकडे ती दवाखान्यात पोचवते.

हे मला वाचून कळलं नाही. एका मे महिन्यात मी आणि माझा एक सोबती येलदरीच्या बाजूने परतत होतो. पंक्चर काढण्यात तासभर गेला होता आणि साडेदहा वाजत आले होते. सोबती अंगाने माझ्यापेक्षा काटक, सराव माझ्यापेक्षा जास्त. चढ संपल्यावर तो बोलेनासा झाला. मी काही विचारलं की उत्तर उशिरा यायचं. मग त्याने सायकल वाटेच्या कडेला आडवी टाकली आणि मळमळतंय म्हणाला. जवळच्या शेतात एक वयस्कर शेतकरी लिंबाखाली बैल सोडून बसले होते. त्यांनी काही विचारलं नाही. दोघांनी मिळून सोबत्याला सावलीत आणलं. त्यांनी खोपीतलं बारदान ओढलं, रांजणातल्या पाण्यात बुडवलं, पिळलं आणि त्याच्या छातीवर व मांड्यांवर पसरलं. टोपीने वारा घालत राहिले. अर्ध्या तासाने तो नीट बोलू लागला, तेव्हा त्याला घोट घोट पाणी दिलं. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, “गुर्जी, ही येळ सायकलीची न्हाई. बैलबी सोडले आमी कवाच.”

त्या वाक्याने माझं ध्येय ठरवण्याचं सगळं गणित बदललं. उन्हाळ्याची नांगरणी करणारा माणूस दिवस उगवण्याआधी औत जुंपतो आणि ऊन चटकायला लागलं की सोडतो. शेत अर्धवट राहिलं तरी सोडतो. त्याचं काम माझ्या सायकलीपेक्षा कितीतरी अडलेलं असतं, मृगाच्या आधी ते उरकावंच लागतं. तरी तो बैलाच्या आणि स्वतःच्या अंगाला काय सोसतं ते पाहून वेळ ठरवतो आणि त्या वेळेत जेवढं बसेल तेवढंच काम मोजतो. त्या दिवसापासून माझ्या हंगामाचा पहिला नियम एकच आहे. औत सुटायच्या आत घरी. मे महिन्यात आमच्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो, पाच-सव्वापाचला फटफटतं. म्हणजे हातात तीन-साडेतीन तास. त्यात जाणं, येणं आणि शिकणं बसलं पाहिजे. ध्येय या तीन तासांचं मूल असतं.

नंतर मी उन्हाविषयी बरंच वाचलं आणि डॉक्टरांना विचारलं. शरीराला उष्ण हवेची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर सुटायला लागतो, घामातून मीठ कमी जातं, रक्तातला पाण्याचा भाग वाढतो आणि तेवढ्याच श्रमाला हृदयाचे ठोके कमी पडतात. म्हणून होळीनंतरचे पहिले दोन आठवडे मी कोणतंही अवघड ध्येय ठेवत नाही. रोज थोडा वेळ, हलक्या गिअरवर, बस. लांबच्या फेरीला पाण्यात साखर-मीठ घालतो. एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं प्रमाण. सोबतच्या माणसाचं बोलणं तुटक किंवा असंबद्ध झालं तर तो दमला आहे असं समजून पुढे जायचं नाही. तो उष्माघात असू शकतो. आधी सावली, आधी अंग गार करणं आणि लगेच १०८ ला फोन. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी सायकलच्या गिअरआधी हे सांगतो.

वेळ ठरली, मग त्या वेळेत काय करायचं हा प्रश्न आला. शाळेत आम्ही मुलांसाठी अध्ययन निष्पत्ती लिहितो. वर्ष संपल्यावर मुलाला काय यायला हवं, ते नेमक्या शब्दांत. मी तीच पद्धत स्वतःला लावली. एक वही केली. तिच्यात दर होळीला तीन गोष्टी लिहायच्या. या हंगामात मला काय जमलं पाहिजे? ते माझ्या हातात आहे का? आणि रोज कुठे थांबायचं? ‘पाचशे किलोमीटर’ असं वहीत लिहायचं नाही. ‘अमक्या वाटेवरचा खडक पाय न टेकवता चढणं’ असं लिहायचं. दिसायला हा फरक लहान आहे, पण त्याने माझ्या सकाळी बदलल्या.

त्या खडकाचं थोडं सविस्तर सांगतो. जिंतूरजवळच्या एका टेकडीवर गुरं चढवायची वाट आहे. सुरुवातीला बैलगाडीच्या चाकोऱ्या, कोरड्या आणि खोल. त्यातून चाक बाहेर काढायचं तर समोरचं चाक थोडं उचलून, अंग एका बाजूला टाकून काढावं लागतं. पुढे वाट अरुंद होते आणि खडकाची एक पायरी लागते, वीतभर उंच, तिच्या पुढ्यात मुरूम विस्कटलेला. तिच्या लगेच वर डावीकडे वळण. या पायरीवर सगळे उतरतात. मीही उतरत होतो. ताकद लावली की मागचं चाक मुरमात गरकन फिरतं. ताकद कमी केली की सायकल थांबते. सीटवर मागे बसलं की पुढचं चाक हवेत उठतं आणि पुढे झुकलं की मागचं चाक सुटतं.

एक अख्खा हंगाम मी तेवढ्याच पायरीवर घालवला. टेकडीचा माथा त्या वर्षी माझ्या ध्येयात नव्हताच. सकाळी यायचं, पायरी करायची, औत सुटायच्या आत निघायचं. हळूहळू एकेक गोष्ट उलगडली. गिअर पायरीजवळ आल्यावर बदलायचा नाही, तो दहा हात आधीच हलका करून ठेवायचा, कारण चेनवर जोर असताना बदलला की ती कुरकुरते आणि कधी तुटते. सीटच्या अगदी टोकावर बसायचं, कोपर वाकवायचे, छाती हँडलकडे न्यायची. पेडल वर असताना पायरी यायला हवी, म्हणजे नेमका जोराचा घाव तिथे बसतो. त्यासाठी पाच-सहा हात आधीपासून पेडलचा ताल जुळवावा लागतो. टायरमध्ये हवा कमी हवी, म्हणजे रबर खडकाला पंजासारखं धरतं. आणि नजर पायरीवर ठेवायची नाही, तिच्या वरच्या वळणावर ठेवायची. हे सगळं एका क्षणात जुळून आलं त्या सकाळी मी वर जाऊन थांबलो आणि मोठ्याने ओरडलो. खालच्या अंगाला मेंढरं चारणारा पोरगा दचकून बघायला लागला. त्या हंगामात माझे किलोमीटर फार कमी भरले असतील. पण मी तोवर जे काही शिकलो होतो, त्याच्यापेक्षा जास्त त्या एका पायरीने शिकवलं.

त्यातून दुसरा धडा मिळाला. मोठ्या ध्येयाचे तुकडे करायचे, आणि प्रत्येक तुकडा एका सकाळीत मावेल एवढा ठेवायचा. संपूर्ण टेकडी ही एका सकाळची गोष्ट नाही. पायरी आहे, वळण आहे, चाकोरीतून बाहेर पडणं आहे. हे एकेक जमत गेलं की टेकडी आपोआप होते. माझ्याकडे गणितात कच्चं मूल आलं तर मी त्याला पूर्ण भागाकार एकदम देत नाही. स्वतःला मात्र आपण नेमका तोच अवघड भागाकार पहिल्या दिवशी देतो.

उताराचं ध्येय वेगळं ठेवावं लागतं, कारण तिथे घाई अंगाशी येते. माउंटन बाइकचा खेळच उतारावरून सुरू झाला. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या माउंट तामालपायस या डोंगराच्या परिसरात काही तरुण जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन धुळीच्या वाटेने खाली सुटायचे आणि १९७६ पासून त्यांनी त्याच्या शर्यती लावल्या. एका उतारात त्यांच्या मागच्या चाकातला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि खाली पोचल्यावर ते पुन्हा भरावं लागायचं. तिथून वीस वर्षांत, १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये, या खेळाला जागा मिळाली. आज आपल्याकडे डिस्क ब्रेक आहेत. तरी मुरमाच्या उतारावर ब्रेक म्हणजे थांबण्याचं साधन असं समजून चालत नाही. जोरात दाबला की चाक घसरतं. एका बोटाने, सोडत-धरत, उतार लागण्याआधीच वेग कमी करत आणायचा. अंग मागे, टाचा खाली, गुडघे सैल. उतारासाठी मी वहीत वेळ कधी लिहिली नाही. ‘मागचं चाक एकदाही न घसरता’ एवढंच लिहिलं. या ध्येयाने वेग आपसूक वाढला आणि हाडं शाबूत राहिली.

आमच्या रानात आणखी एक शिकवणारी गोष्ट आहे, काटे. बाभळीचा काटा लांब आणि सरळ, तो टायर भेदून ट्यूबपर्यंत जातो. सराट्याचा काटा बारीक, पण एका वेळी दहा लागतात. तूर आणि कापूस निघाल्यावर रानात जी धसकटं उरतात, ती तिरप्या कापाची असतात आणि टायरची बाजू चिरतात. बाजू चिरली तर रस्त्यात काही इलाज चालत नाही. म्हणून मी पिकाच्या रानातून आडवा जात नाही, धुऱ्याच्या आणि पांदणीच्या वाटाच धरतो. ट्यूबलेस टायर घेतल्यापासून बारीक काट्यांचा त्रास पुष्कळ कमी झाला. आतलं सीलंट छिद्र पडताच तिथे गोठतं. पण परभणीच्या उन्हात ते लवकर सुकतं. डब्यावर लिहिलेल्या महिन्यांवर भरवसा ठेवला तर ऐन मे महिन्यात टायरमध्ये नुसता वाळलेला रबराचा गोळा सापडतो. म्हणून दर महिन्याला व्हॉल्व्ह काढून आत किती ओलं आहे ते बघणं, चेन पुसून तेल देणं, ब्रेकचे पॅड तपासणं हेही माझ्या ध्येयांत असतं. ज्याला पंक्चर काढता येत नसेल, त्याने टेकडीचं ध्येय ठेवूच नये. उन्हात सायकल ढकलत गावापर्यंत येणं हा जिवाशी खेळ आहे.

२०१६ चा उन्हाळा मराठवाड्यातला कुणीच विसरणार नाही. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते वर्ष. आमच्याकडेही विहिरी आटल्या होत्या. गावात टँकर आला की घागरींची रांग लागायची. इतर वर्षी मी कोणत्याही वस्तीवर थांबून बाटली भरून घेत असे आणि कुणी कधी नाही म्हणत नसे. त्या वर्षीही कुणी नाही म्हटलं नसतं, म्हणूनच मागायचं नाही असं मी ठरवलं. घरून जेवढं पाणी पाठीवर नेता येईल, तेवढ्याच अंतराचं ध्येय. लांबच्या सगळ्या वाटा वहीतून काढून टाकल्या. उरलं शाळेचं मैदान आणि मागचं टेकाड. मग मी मैदानावर बारीक गोष्टी शिकलो. सायकल जागच्या जागी उभी धरणं, पुढचं चाक उचलून विटेवर ठेवणं, अरुंद पट्टीवरून सरळ जाणं, आठ आकड्यात वळणं. यांना ना रान लागतं ना फारसं पाणी. पुढच्या वर्षी टेकडीवर गेलो तेव्हा जिथे अडखळत होतो तिथून सहज निघालो. ज्या हंगामात मी सर्वांत कमी हिंडलो, त्या हंगामाने मला सर्वांत जास्त दिलं. तेव्हापासून परिस्थितीने ध्येय लहान केलं तर मी त्याचं दुःख करत नाही. लहान जागेत कोणती गोष्ट नीट शिकता येईल, ते शोधतो.

सायकलविषयी माझ्या शाळेतल्या मुलींनीही मला बरंच शिकवलं, हे सांगितलं पाहिजे. मानव विकास कार्यक्रमातून आठवीपुढच्या मुलींना शाळेत येण्यासाठी सायकल मिळते. साधी, एकाच गिअरची, मागे कॅरिअर असलेली. एक मुलगी पांदणीने शाळेत येत असे. पांदणीत फुफाटा इतका की चाक चार बोटं रुतायचं. मी तिथे हमखास उतरायचो. ती पाठीवर दप्तर, कॅरिअरवर धाकटा भाऊ घेऊन सरळ पार व्हायची. एकदा मी तिला विचारलं, कशी जातेस गं? ती म्हणाली, “सर, थांबायचं न्हाई न् जोर बी करायचा न्हाई. हँडल ढिलं सोडायचं, ते आपोआप वाट काढतंय.” फुफाट्यात हँडल घट्ट धरलं की चाक आडवं होतं. महागडी सायकल आणि व्हिडिओ बघून आलेलं ज्ञान घेऊन मी जिथे अडत होतो, ते तिला रोजच्या शाळेने शिकवलं होतं.

त्यानंतर माझ्या वहीत मुलांसाठीचं एक ध्येय येऊ लागलं. परीक्षा संपल्यावर, पालकांना विचारून, आम्ही सकाळी लवकर निघतो. एका वर्षी सेलू तालुक्यातल्या वालूरची बारव पाहिली. तिच्या पायऱ्या विहिरीला वळसा घेत गोल गोल खाली उतरतात. मुलं कितीतरी वेळ नुसती वर-खाली करत राहिली. दुसऱ्या वर्षी चारठाण्याची प्राचीन मंदिरं पाहिली. वाटेत कुणाची चेन पडली तर ती ज्याची त्याने बसवायची, आणि सगळ्यांत मागच्या मुलाच्या वेगाने सगळ्यांनी चालायचं, असे नियम. मुलींना मी संगमनेरच्या प्रणिता सोमण यांच्याविषयी सांगतो. आपल्यासारख्याच तालुक्याच्या गावातून आलेल्या या मुलीने माउंटन बाइकच्या राष्ट्रीय स्पर्धा गाजवल्या. ऐकताना मुलींच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते मला फार मोलाचं वाटतं. आजवर शाळेत पोचण्याचं साधन असलेली सायकल त्यांना पहिल्यांदा स्वतःची वाटते.

या वर्षांत वाटाही बदलल्या. शासनाने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली आणि काही पांदणींवर मुरूम-खडी पडली. माझ्या आवडीच्या एका वाटेचं खडबडीतपण त्यात गेलं. पण त्याच पांदणीत पावसाळ्यात बैलगाडी अडकून ऊस आणि सोयाबीन बाहेर काढता येत नसे, आजारी माणसाला बाजेवर आणावं लागे, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तिथे पक्की वाट झाली याचा मला मनापासून आनंद आहे. मी तिथला पाहुणा आहे, वाट त्यांची आहे. वनखात्याच्या हद्दीत विचारल्याशिवाय न जाणं, उन्हाळ्यात वणव्याची भीती असताना रानात काडी न पेटवणं, मेंढरं दिसली की उतरून चालणं आणि धनगराच्या कुत्र्यांना आपण आधी हाक देणं, हे सगळं मी ध्येयाचाच भाग धरतो. ज्या वाटेवर आपण पुढच्या वर्षी नकोसे होऊ, तिथे या वर्षी काय साधलं याला अर्थ नाही.

वय वाढतं तशी यादीही बदलते. पूर्वी एका सकाळी जेवढ्या वेळा टेकडी चढत असे, तेवढ्या आता चढत नाही. गुडघा बोलतो, आदल्या रात्रीची झोप कमी पडली तर तोल आधी बिघडतो. पण नजर सुधारली आहे. कुठल्या धोंड्यावर चाक घालायचं आणि कुठला टाळायचा, हे आधी दिसतं. कोणत्या दिवशी निघायचं नाही हेही कळतं. रात्री उकाडा उतरला नसेल, पहाटेही भिंत गरम लागत असेल, तर मी सायकल बाहेर काढत नाही. त्या सकाळी चेन साफ करतो. तो दिवस वाया गेला असं आता वाटत नाही.

यंदाच्या वहीत तीन ओळी आहेत. बालाघाटात गंगाखेडच्या बाजूला एक उतार आहे, तो मागचं चाक न घसरता उतरणं. टेकडीच्या त्या जुन्या पायरीवरून दोन विद्यार्थिनींना त्यांच्या साध्या सायकलीवर चढता येईल का, हे त्यांच्यासोबत शोधणं. गिअर नसताना ती कशी चढायची हे मलाही ठाऊक नाही, म्हणून ही ओळ मला सर्वांत जास्त खुणावते. आणि तिसरी ओळ, दरवर्षीची.

उन्हाळ्यात सायकलचं ध्येय ठरवू पाहणाऱ्या माझ्या भागातल्या तरुण मित्रांना मी तीच तिसरी ओळ पहिली लिहायला सांगतो. कोरं पान घ्या आणि त्यावर सर्वांत आधी थांबायची वेळ लिहा. मग तेवढ्या वेळात काय शिकता येईल ते लिहा. वाट आपल्या गावाजवळची निवडा, म्हणजे जाण्यायेण्यात सकाळ जाणार नाही. एकच चढ, एकच उतार, एकच कसब. मृग लागेपर्यंत एवढं पुरतं. यादी अपुरी राहिली तरी चालेल, कारण टेकडी पुढच्या होळीलाही तिथेच असणार आहे. आपण तिथे धडधाकट पोचलो पाहिजे, बाकी सगळी ध्येयं त्यानंतरची.